पेन्सिलीतला एक

४ सप्टेंबर १९९५, सोमवार

नव्या नोकरीला तीन महिने झाले म्हणून साकेतने ढोकळा मागवला. साकेत म्हणजे आमचा मालक. वय बत्तीस, पुण्याचा, परदेशात शिकून आलेला. मला 'वृंदाताई' म्हणतो, त्यामुळे त्याच्यावर रागावणं जड जातं. सरकारी प्रयोगशाळेतली अठरा वर्षांची खुर्ची सोडून मी नोएडातल्या या दोन खोल्यांत आले, याचं आईला अजून वाईट वाटतं. समोर खणून ठेवलेला प्लॉट, दिवसातून चारदा जनरेटर, पाण्याचा टँकर आला तर आला. यशोधन मात्र खूश आहे. मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत बायकोची प्रायव्हेट नोकरी सांगायला त्याला आवडतं.

काम तेच आहे, फक्त घाई वाढली आहे. जहाजाच्या टाक्यांतून जी रसायनं येतात-जातात, त्यातलं कुठलं सांडलं तर मासे मरतील, कुठलं तळाशी बसेल, कुठलं माणसाच्या कातडीला, पोटाला, श्वासाला किती बाधेल, हे शून्य ते चार अशा आकड्यांत एका कागदावर मांडायचं. आम्ही त्याला शीट म्हणतो. शीट बंदरात जाते, जहाजावर जाते, आणि टाकीपाशी कोणी काय घालून जायचं ते तिच्यावरून ठरतं. आयात खुली झाल्यापासून रोज नवं नाव येतं.

आज फाइल ४१७ आली. रंगात मिसळायचं तेलकट द्रव्य, मुंबईची पार्टी मागवते आहे. जहाज डिसेंबरात लागणार. सगळ्या चाचण्या आहेत, श्वासाची नाही. नमुन्याची बाटली सोबत आहे. प्रयोगशाळेला दहा आठवडे लागतील आणि पार्टीला शीट पंधरा दिवसांत हवी आहे.

१२ सप्टेंबर, मंगळवार

मयुराला आज पेन्सिलीचा नियम शिकवला. ही आमची ज्युनियर, चोवीस वर्षांची, पुण्याहून आलेली, सेक्टर पंधरात पेइंग गेस्ट राहते. नीटनेटकी आहे. बाटली आली त्याच्या तिसऱ्या दिवशी लेबल लावून, तारीख घालून कपाटात ठेवली.

नियम माझा नाही, जुन्या प्रयोगशाळेतल्या दीनानाथ सरांचा. मोजलेला आकडा शाईत, अंदाजाचा पेन्सिलीत. चाचणी नसेल तर त्याच घरातलं दुसरं रसायन बघायचं, त्याच्यावरून आकडा धरायचा, पण पेन्सिलीने. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळ्या शीट काढायच्या आणि जिथे पेन्सिल दिसेल त्याच्या मागे लागायचं. नमुना गेला का, निकाल आला का. निकाल आला की खोडून शाईत लिहायचं. सरांच्या हाताखाली अठरा वर्षं मी हे केलं आणि कधी चुकले नाही. मयुरा म्हणाली, "मॅडम, कॉम्प्युटरवर केलं तर?" मी म्हटलं, कॉम्प्युटरला लाज नसते.

४१७ च्या श्वासाच्या चौकटीत आज 'एक' लिहिला. याचा धाकटा भाऊ म्हणावा असं एक द्रव्य आहे, त्याचा एक आहे. फक्त ४१७ गरम झालं तर वाफ जास्त धरेल असं मला वाटतं, आणि टाक्या धुतात गरम पाण्यानेच. म्हणून समासात पेन्सिलीनेच टीप टाकली. बाटली शीट जाईल त्याच दिवशी प्रयोगशाळेला पाठवू, म्हणजे दोन्ही पत्रं एकदमच टाइप होतील.

२१ सप्टेंबर, गुरुवार

आज दिल्लीला वेड लागलं. गणपती दूध पितो आहे म्हणे. सकाळपासून फोन लागत नाहीत, रस्त्यात दुधाची भांडी घेतलेल्या रांगा, आमचा ड्रायव्हर गाडी लावून मंदिरात. शेजारच्या वीणा वहिनींनी फोन करून विचारलं, तू तर सायंटिस्ट, खरं आहे का. मी पृष्ठताण समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, अच्छा, पण आमच्या घरच्या गणपतीने तर दोन चमचे प्यायले.

त्यात ४१७ ची शीट आजच जायची होती. दहा वेळा फिरवल्यावर फॅक्सची लाइन लागली, आणि पार्टीचा उलटा फोन की श्वासाची चौकट कोरी आलीय. पेन्सिल उमटली नाही. साकेत डोक्याशी उभा, "वृंदाताई, यार, एक आकडा आहे, लाइन पुन्हा लागायची नाही." मग तो एक पेनाने गिरवला आणि पुन्हा लावली. गेली. समासातली टीप काही उमटली नसणार, पण ती तशीही आमच्यासाठीच होती. उद्या शीट नवी करून पेन्सिलीने लिहीन.

संध्याकाळी लेकीने, अनुष्काने, हट्ट धरला म्हणून सोसायटीच्या देवळात गेलो. गणपती आमचं दूध प्यायला नाही. अनुष्का हिरमुसली.

३० सप्टेंबर, शनिवार

पेन्सिलीची फेरी. सहा शीट निघाल्या, सहाही पार्ट्यांना स्मरणपत्रं गेली. मयुरा हाताशी होती. तिने विचारलं, "४१७ ची बाटली पाठवायची आहे का?" मी फोनवर होते. म्हटलं, शीट बघ, पेन्सिल असेल तर पाठव. ती बघून आली आणि कामाला लागली. दर वेळी मला विचारायचं नाही, कागदाला विचारायचं, हे तिला हळूहळू कळायला लागलंय. सर म्हणायचे, चांगली पद्धत माणसाला विसरायची मोकळीक देते. आज ते फार पटलं.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

पाडवा आणि खग्रास ग्रहण एकाच दिवशी. यशोधनने काळी काच आणली, पण सोसायटीतले निम्मे लोक खिडक्या लावून बसले. दिवाळीच्या फराळाला सर आणि शुभदाकाकू येऊन गेले. सर निवृत्त होऊन पाच महिने झाले तरी हातात वही असतेच. मला म्हणाले, प्रायव्हेटमध्ये गेलीस, पेन्सिल नेलीस ना? मी म्हटलं, पहिल्या दिवशी नेली. फार समाधान पावले.

२५ नोव्हेंबर, शनिवार

पेन्सिलीची फेरी. फक्त चार. मयुराने अर्ध्या तासात उरकलं.

१६ डिसेंबर, शनिवार

मुंबईच्या पार्टीचा फोन. बुधवारी, तेरा तारखेला, बंदरात ४१७ उतरवून झाल्यावर टाकी धुवायला माणसं उतरली. तिघांना श्वास लागला. दोघे इस्पितळात आहेत, एक त्याच संध्याकाळी गेला. साकेत पांढरा पडला. मी त्याला सांगितलं, टाकी म्हणजे बंद जागा, आधी हवा खेळवली नसेल तर काहीही होऊ शकतं. अशा घटना वर्षाला दहा होतात. रसायनावर लगेच खापर फोडू नये.

हे मी शांतपणे सांगितलं.

१९ डिसेंबर, मंगळवार

पार्टीने कागद पाठवले. टाकीची हवा तपासली होती, प्राणवायू पुरेसा होता. पाणी गरम होतं. माणसांच्या तोंडाला फडकी बांधलेली होती, कारण श्वासाला 'एक' असेल तर फडकं चालतं. तीन असता तर नळीने बाहेरची हवा देणारा मुखवटा घातल्याशिवाय कोणाला आत सोडलं नसतं. गेला त्याचं नाव दामू घरत, वय चौतीस, राहणार उरण तालुका.

४१७ ची शीट काढली. मला तर स्पष्ट आठवतं की मी पेन्सिलीने लिहिलं होतं. पण चौकटीत शाईतला एक आहे. समासात काहीच नाही, बहुधा हाताळून पुसलं गेलं. मयुराने फेअर करताना गिरवला असेल का? विचारलं नाही. बाटली कपाटात तशीच आहे. ती आता तरी पाठवायला हवी.

२६ डिसेंबर, मंगळवार

बाटली आज प्रयोगशाळेत गेली. पत्र मी स्वतः टाइप केलं.

यशोधन म्हणतो, तू रोज रात्री त्या डायरीत लिहितेस, तर सप्टेंबरमध्ये काय लिहिलंस ते बघ ना. मी म्हटलं, झालेलं उगाळण्यात काय अर्थ आहे. मागची पानं उघडायला मला कधीच आवडलेलं नाही. कॉलेजातही पेपर दिल्यावर मी उत्तरं ताडून बघत नसे.

२ जानेवारी १९९६, मंगळवार

तीन जणांची चौकशी समिती नेमली आहे. त्यात तज्ज्ञ म्हणून दीनानाथ सर. नाव वाचून माझा जीव भांड्यात पडला.

आज दुपारी माझी साक्ष झाली. मध्यम आकाराची खोली, चहा, पार्ले बिस्किटं. अध्यक्षांनी विचारलं, हा एक मोजलेला की अंदाजाचा? मी म्हटलं, अहवाल बघितल्याशिवाय मी शाईत लिहीत नाही. हे खोटं नव्हतं. अठरा वर्षं मी तशीच वागले आहे. मग अहवाल कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, फाइलमध्ये नाही.

तेव्हा सर बोलले. माझ्याकडे न बघता, अध्यक्षांना. "वृंदाने शाईत लिहिलं असेल तर तिच्या हातात अहवाल होता. यासाठी मला दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. हवं तर मी लिहून देतो." आणि खरंच लिहून दिलं, तिथल्या तिथे, त्यांच्या त्या बारीक अक्षरात.

म्हणजे उत्पादकाकडून अहवाल आला असणार आणि आमच्या ऑफिसात हरवला असणार, असं समितीचं मत पडलं. फायली कोण ठेवतं, असा पुढचा प्रश्न होता. त्याचं उत्तर साकेतने दिलं.

५ जानेवारी, शुक्रवार

साकेतने मयुराला काढलं. कागद असा दिला की तिने स्वतः सोडल्यासारखं दिसावं. कोणावर तरी गेलं पाहिजे, नाहीतर ऑफिसच बंद होईल, असं तो मला म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, तेही खरं आहे.

मयुरा रडली नाही. खण रिकामा केला, माझा पंच परत दिला. मग टेबलापाशी येऊन म्हणाली, "मॅडम, मी तुम्हाला बाटलीचं विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, शीट बघ. मी बघितली होती." मी म्हटलं, बघू, मी साकेतशी बोलते. मी फाइल उघडून बसले.

साकेतशी बोलले नाही. सोमवारी बोलेन.

१३ जानेवारी, शनिवार

सोमवार गेला. आठवडा गेला.

आज अनुष्काला शाळेसाठी निबंध लिहायचा होता, गेल्या वर्षातला लक्षात राहिलेला दिवस. तिने गणपती दूध प्यायला तो दिवस घेतला. तारीख आठवेना. म्हणाली, "आई, तुझ्या डायरीत असेल, बघू?" मी भाजी चिरत होते. बघ म्हटलं. ती स्वयंपाकघरात ओट्यावर बसून मोठ्याने वाचायला लागली. वीणा काकूंचे दोन चमचे वाचून खूप हसली. मग अडली. तिचं मराठी आता घरापुरतंच उरलंय.

"आई, गिरवला म्हणजे?"

मी सांगितलं, पेन्सिलीने लिहिलेल्यावर पेनाने पुन्हा तेच लिहिणं. ती अच्छा म्हणाली आणि पुढे वाचत गेली, उद्या शीट नवी करून पेन्सिलीने लिहीन, आमच्या देवळात गणपती प्यायला नाही, मी हिरमुसले. हिरमुसले म्हणजे काय, तेही विचारलं. मी गॅस बंद करून बाथरूममध्ये जाऊन बसले.

माझ्याच हाताने. उद्या करीन म्हटलं आणि ते उद्या आलं नाही. आणि शाई दिसली म्हणून फेरीत शीट निघाली नाही, आणि शाई दिसली म्हणून मयुराने बाटली पाठवली नाही. ती मी सांगितलं तसं वागली. या घरात, या खणात, हे सगळं लिहिलेलं होतं आणि मी मागची पानं उघडली नाहीत. उघडली असती तर काय दिसलं असतं ते मला माहीत नव्हतं, असं लिहायला पेन उचललं होतं. ते लिहिता येत नाही.

१४ जानेवारी, रविवार

दरवर्षीसारखी मराठी समाजाची बस पानिपतच्या रणभूमीवर, काला अंबला गेली. मी चार वर्षांनी गेले, कारण सर जातात हे माहीत होतं. पानिपतपर्यंत धुकं. बसमध्ये शुभदाकाकूंनी तिळगूळ वाटला. पुण्याहून आलेली नवी मंडळी फोटो काढत होती, आमच्या पिढीचे लोक नेहमीप्रमाणे कोणाची चूक झाली यावर भांडत होते. दोनशे पस्तीस वर्षं झाली तरी दिल्लीच्या मराठी माणसाला हा वाद पुरतो.

सर स्तंभाच्या मागच्या बाजूला उन्हात बसले होते. मी डायरी पर्समध्ये नेली होती. एकवीस सप्टेंबरचं पान उघडून हातात दिलं. त्यांनी चष्मा बदलून वाचलं. मग तीस सप्टेंबरचं दिलं, ज्यात त्यांचंच वाक्य होतं, विसरायच्या मोकळिकीचं. तेही वाचलं. वही मिटून गुडघ्यावर ठेवली.

मला वाटलं रागावतील. मी तयारी केली होती. म्हटलं, सर, मी सगळं लिहून देईन, तुम्ही फक्त मला बोला.

त्यांनी चष्मा परत बदलला. मग म्हणाले, "मी तुझ्याबद्दल अंदाज केला होता, वृंदा. अठरा वर्षांवरून. आणि तो शाईत लिहून दिला." आणि वही परत देताना, "त्या मुलीला मी एक प्रश्नही विचारला नाही."

मी रडले. त्यांनी पाठीवर हात ठेवला नाही, नेहमी ठेवतात. परतीच्या बसमध्ये ते पुढे काकूंजवळ बसले, आणि सोनीपतनंतर मला त्यांची फक्त कानटोपी दिसत होती.

१७ जानेवारी, बुधवार

समितीला निवेदन दिलं, डायरीच्या पाच पानांच्या नकला जोडून. झेरॉक्सवाल्याने विचारलं, पर्सनल है क्या मॅडम? मी हो म्हटलं.

सरांनी कालच आपलं लेखी मत मागे घेतलं आणि समितीही सोडली. साकेतने मला विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस. पहिल्यांदाच 'ताई' लावलं नाही. राजीनामा टेबलावर ठेवला, तो म्हणाला, चाचणीचा निकाल येईपर्यंत थांब, शीट दुरुस्त करायला तुझीच सही लागेल.

मयुराच्या पेइंग गेस्टच्या घरी गेले. ती आठ तारखेलाच पुण्याला गेली होती. घरमालकिणीकडून पत्ता घेऊन पत्र लिहिलं. समिती तिचं नाव काढून टाकेल असं लिहिलं. बाकी काय लिहायचं ते सुचलं नाही, म्हणून शीट बघ म्हटलं ती चूक माझी होती, एवढंच लिहिलं.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

मयुराचं उत्तर आलं. चार ओळी. अनुभवाचं प्रमाणपत्र हवं आहे, साकेत सरांची सही चालेल, तुमची नको.

४ मार्च, सोमवार

४१७ चा निकाल आला. श्वास: तीन.

जुनी शीट काढली. शाईतला एक खोडरबराने जाणार नव्हता, म्हणून त्यावर आडवी रेघ मारून शेजारी तीन लिहिला, शाईत, खाली सही आणि तारीख. हा मोजलेला आहे. माझं इथलं काम संपलं. साकेतने दारापर्यंत येऊन "सांभाळून जा" म्हटलं. जनरेटर चालू होता, त्यामुळे मी काय म्हटलं ते त्याला ऐकू आलं नसेल.

प्रयोगशाळेने बाटलीही परत पाठवली आहे, तळाशी बोटभर शिल्लक. तिच्यावर मयुराचं लेबल अजून आहे, सुवाच्य अक्षरात, खाली तारीख ६ सप्टेंबर. बसमध्ये ती मांडीवर घेऊन हिशेब केला. दहा आठवडे. त्याच दिवशी पाठवली असती तर निकाल पंधरा नोव्हेंबरला माझ्या टेबलावर आला असता. दामू घरत टाकीत उतरला तेरा डिसेंबरला. मध्ये चार आठवडे होते.